उजवीकडे मोकळं

२ नोव्हेंबर, रविवार

अरुंधती आज म्हणाली, तुझं मराठी म्हणजे हिंदीला लावलेलं मराठी कुंकू आहे. चारजणांत म्हणाली. माझी आईसुद्धा हसली. मी ताटावरून उठलो, आणि संध्याकाळी झाशीच्या सीपरी बाजारात जाऊन ही डायरी घेऊन आलो. आता मराठीत लिहिणार. हिंदी शब्द आला तर येऊ दे, पण ती पुण्याला जायच्या आत माझी भाषा सरळ झालेली दिसली पाहिजे.

'जायच्या आत' लिहिलं आणि बराच वेळ पुढे काही सुचलं नाही.

पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरी दिली आहे. जानेवारीत हजर व्हायचंय. अडचण तिच्या बाबांची. रत्नाकर काका माझ्या बाबांचे रेल्वेतले दोस्त. सगळी नोकरी इंजिनात गेली, मग काचबिंदूनं डोळे खाल्ले आणि गाडी हातातून गेली. आता त्यांना पाइपातून बघितल्यासारखं समोरचं थोडं दिसतं, बाजूचं काहीच नाही. काकू गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. स्वयंपाकाला बाई येते. अरुंधती म्हणते, बाबा एकटे आमच्या नगरा भागातल्या चौराह्यापर्यंत जाऊन सुखरूप परत यायला लागले तरच मी जाईन, नाहीतर नाही.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, रोज सकाळी बाबांबरोबर चालशील का? त्यांची सवय झाली की ते एकटे जातील. तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. बाजारातून परत येताना डोक्यात प्रकाश पडला. तिला झाशीच्या बाहेर काढायचं काम तिनं मलाच दिलंय, आणि वर मी थँक्यू म्हणून आलोय.

५ नोव्हेंबर, बुधवार

काका चालत नाहीत, गाडी चालवतात. इंजिनात म्हणे सिग्नल आला की ड्रायव्हर मोठ्यानं त्याचा रंग म्हणतो, मग असिस्टंट स्वतः बघून तोच रंग परत म्हणतो. दोघांचं जुळलं तरच पुढे. तोच नियम नगऱ्याच्या गल्लीत. काका काठी टेकत म्हणतात, "डावीकडून ई-रिक्षा." मी बघून म्हणायचं, "ई-रिक्षा." ते म्हणतात, "मागून बुलेट, लांब." मी म्हणायचं, "बुलेट, लांब." रस्ता ओलांडताना ते थांबून ऐकतात आणि म्हणतात, "उजवीकडे मोकळं." मी मान वळवून बघायचं, मग "मोकळं" म्हणायचं. तेव्हा त्यांचं पाऊल पडतं.

काल मी न बघताच म्हणालो. ते भर रस्त्यात उभे राहिले. म्हणाले, बघून म्हण, मला पोपट नकोय.

पानवाला रोज विचारतो, "काए भैया, रेल चला रये का?" काका शांतपणे सांगतात, "हओ, मालगाड़ी है."

परत आल्यावर चहा. त्या चहासाठी मी पहाटे उठतो, हे इथे लिहायला हरकत नाही. आज चहा देताना ती म्हणाली, पुण्यात एक कॉलेज आहे, मध्ये सोडलेल्या मुलांना पुढच्या वर्षाला घेतात. मी म्हणालो, मी विचारलं का तुला? ग्वाल्हेरला हजेरी कमी म्हणून विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर मला अडवलं, तेव्हा मी हॉल तिकीट फाडून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष तिथंच संपलं. हे तिला माहीत आहे, तरी टोचते. चहा अर्धा ठेवून आलो. दिवसभर त्या अर्ध्या चहाची आठवण येत होती.

९ नोव्हेंबर, रविवार

मी काम करतो त्या वर्कशॉपमध्ये फक्त बॅटरीच्या गाड्या येतात. हळू चालताना त्या गप्प असतात, म्हणून कंपनी एक छोटा स्पीकर बसवते. वेग वीसच्या खाली असला की घुंऽऽ असा आवाज येतो, रस्त्यावरच्या माणसाला कळावं म्हणून. आम्ही त्याला गुणगुण म्हणतो. आज मी एक गाडी चार्जिंगवरून काढून मागे घेतली आणि पाठमोरा उभा असलेला माझ्यासोबतचा मेकॅनिक भूषण थोडक्यात वाचला. गुणगुण आलीच नव्हती. पुढे घेतली, तर आली. परत मागे घेतली, तरी आली. चक्रावलो. मग नव्या मॉडेलच्या उभ्या सगळ्या गाड्या करून बघितल्या. सगळ्यांना एकच रोग. चार्जिंग काढून पहिल्यांदाच मागे घेतली तर गाडी मुकी. एकदा पुढे सरकली की तिला कंठ फुटतो.

धावत मॅनेजरकडे गेलो. नीरज भैया म्हणाले, "ऊपर लिख दिया है, नया प्रोग्राम आएगा. तब तक कस्टमर को मत छेड़ना." मी म्हणालो, तोपर्यंत कोणी चिरडलं तर? ते म्हणाले, तू फार सिनेमे बघतोस. मी पाना फेकला. भिंतीवर फेकला, त्यांच्यावर नाही. भूषण मला ओढत बाहेर घेऊन गेला.

अरुंधतीच्या समोरच्या घरात पटेरिया जी राहतात. त्यांच्याकडे हीच गाडी आहे, रोज रात्री दारात चार्जिंगला असते आणि सकाळी फाटकातून मागे येत बाहेर पडते. पण ते बँकेत आहेत, निघतात दहाला. आम्ही तेव्हा कधीच परतलेलो असतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस एकच विचार. गाड्यांचं तिला सांगितलं तर ती पुण्याला जाणार नाही. नक्की नाही. एक वाक्य बोलायचं, की ती थांबली.

आज चहाच्या वेळी ते वाक्य जिभेपर्यंत आलं. ती खाली बसून काकांच्या बुटांच्या नाड्या सैल करत होती आणि पुण्याबद्दल बोलत होती, तिथली एक खोली बघितलीय, खिडकीतून टेकडी दिसते म्हणे. बोलताना तिचा चेहरा असा झाला होता की मी गप्प बसलो.

भीती घालून मी तिला थांबवणार नाही. तेवढा नीच मी नाही. थांबायचं तर माझ्यासाठी थांब. हे लिहून जरा बरं वाटतंय. इतका चांगला मी कधी नव्हतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काकांची प्रगती फार. आज चौराहा त्यांनी जवळजवळ एकट्यानं पार केला, मी चार पावलं मागे. आल्यावर तिनं आनंदानं माझा हात धरला. मग तो तिच्याच हातात आहे हे लक्षात येऊन सोडला. मी त्याच हातानं जेवलो, त्याच हातानं आता लिहितोय. वर्कशॉपमध्ये मात्र हातमोजे घालून काम केलं. भूषणनं विचारलं, थंडी वाजतेय का? हो म्हणालो.

तिची आठवण ती समोर असतानाच यायला लागली आहे. ही कुठली तऱ्हा?

२३ नोव्हेंबर, रविवार

काका पडले.

परत येत होतो. घर समोर, फक्त गल्ली ओलांडायची. काका थांबले, ऐकलं, म्हणाले, "उजवीकडे मोकळं." अरुंधती गच्चीवर उन्हात केस वाळवत होती. मी वर बघत म्हणालो, "मोकळं." काकांनी पाऊल टाकलं. पटेरिया जी आज ओरछ्याला दर्शनाला निघाले होते, सकाळीच. गाडी फाटकातून मागे आली, काहीही आवाज न करता. धक्का मोठा नव्हता, पण काका हातावर आपटले.

मनगट मोडलंय. प्लास्टर घातलं. पटेरिया जी दवाखान्यात हात जोडून उभे होते, सारखे म्हणत होते, "हमें दिखे ही नहीं भाई साहब." काका म्हणाले, "और हमें सुनाई नहीं दिया." ते कसं म्हणाले ते मला लिहिता येत नाही.

मी काय म्हणालो होतो, कुठे बघत होतो, ते कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अरुंधतीनं पुण्याला कळवायचं ठरवलंय की येऊ शकत नाही. डिसेंबरअखेरपर्यंत थांबून कळवीन म्हणाली, पण ठरवलंय.

ही माझी डायरी आहे, इथे खोटं कशाला लिहू? हे ऐकल्यावर सगळ्यात आधी मला आनंद झाला. पायऱ्या उतरताना मी गुणगुणत होतो. मग खालच्या पायरीवर बसलो आणि उठावंसं वाटेना.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काका घराबाहेर पडत नाहीत. हात दुखतो म्हणून नाही. म्हणतात, डोळे गेले तेव्हा कान होते, आता कानही गेले. अरुंधती कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. काकांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, मशीनला काय कळतं, गाडी अंगावर आली आणि मला ऐकू आली नाही, यापेक्षा मोठी परीक्षा कुठली?

आज मी गेलो तर ते दाराकडे पाठ करून बसले होते. पूर्वी चप्पल काढायच्या आत म्हणायचे, सुजय आला. आज मी अगदी मागे जाऊन उभा राहिलो तरी आधी फक्त मान तिरकी केली. मग विचारलं, कोण? त्यांना कळलं होतं, मला खात्री आहे. पण स्वतःच्या कानावर भरवसा टाकायची त्यांची हिंमत झाली नाही.

आतून अरुंधती पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर ती टेकडी कुठे नव्हती. हवी ती मुलगी गल्लीतच राहिली आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

नीरज भैयांना म्हणालो, ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्या सगळ्यांना फोन करू. एवढंच सांगू की चार्जिंग काढल्यावर आधी हातभर पुढे घ्या, मग मागे. ते म्हणाले, असा फोन गेला की उद्या सगळे दारात उभे राहतील. मी म्हणालो, राहू देत. ते म्हणाले, "तू अपना काम कर." आज काही फेकलं नाही. फेकून काय होतं ते भिंतीवर दिसतंच आहे.

७ डिसेंबर, रविवार

पटेरिया जी रोज पपई घेऊन काकांकडे येतात. आज त्यांना म्हणालो, पपई नको, गाडी द्या. नीट समजावलं तेव्हा कबूल झाले.

काकांना ओट्यावर आणून बसवलं, गाडीपासून लांब, ती उजव्या बाजूला राहील असं. अरुंधती चहाचा ट्रे धरून दारात. पटेरिया जींनी चार्जिंगची वायर काढली आणि गाडी फाटकातून मागे घेतली. मी गाडीच्या मागे उभा राहून लक्ष ठेवत होतो. काका मान तिरकी करून ऐकत होते. म्हणाले, चालू कर की. मी म्हणालो, काका, गाडी मागे येऊन थांबली. त्यांचा चेहरा पडला. मग मी गाडी पुढे घ्यायला लावली आणि परत मागे. या वेळी घुंऽऽ आलं. काकांचा प्लास्टरचा हात एकदम वर आला. म्हणाले, "ही आली. उजवीकडून येतेय, हळू."

तसं परत करून दाखवलं. मग सांगितलं, हा गाडीतला दोष आहे, तुमच्या कानाचा नाही. जे वाजलंच नाही ते कोणाला ऐकू येईल?

आता हे आलंच होतं, तर पुढचंही सांगून टाकलं. म्हणालो, "काका, त्या दिवशी मी बघितलं नव्हतं. न बघता मोकळं म्हणालो."

"ते मला त्याच दिवशी कळलं," काका म्हणाले. "तुझा आवाज वर गेला होता. रस्त्याकडे बघणाऱ्याचा आवाज वर जात नाही."

अरुंधतीनं विचारलं, वर काय होतं? मग तिनं स्वतःच गच्चीकडे बघितलं आणि ट्रेमधले कप उगाच नीट करायला लागली. पटेरिया जींना आमचं मराठी कळत नव्हतं, ते काळजीनं म्हणाले, क्या हुआ? काका म्हणाले, "कुछ नहीं पटेरिया जी, सिग्नल पुराना है."

मला वाटलं संपलं. पण कप ठेवून तिनं विचारलं, गाडीचं तुला कधीपासून माहीत होतं? खरं सांगितलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून. मग का बोलला नाहीस? म्हणालो, तू घाबरून थांबशील म्हणून. तुला भीती घालून थांबवायचं नव्हतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. म्हणाली, "घाबरायचं की नाही, थांबायचं की नाही, ते मी ठरवलं असतं, सुजय. तू परस्पर ठरवून टाकलंस आणि बाबा रस्त्यावर पडले."

आत गेली. चहा तसाच गार झाला.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी वर्कशॉपच्या फोनवरून एकेकाला फोन लावायला घेतले. बरुआसागरपासून मऊरानीपूरपर्यंत. काहीजण रागावले, काहींना वाटलं मी काही विकतोय, एका बाईंनी दोनदा समजावून घेतलं आणि आशीर्वाद दिला. भूषण दाराशी उभा राहून पहारा देत होता. दुपारी नीरज भैया आले, तोवर बहुतेक सगळे झाले होते. त्यांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी बरं म्हणालो. माझ्या अंगातला तो भडका कुठे गेला, मलाच आश्चर्य वाटलं. बाबांना सांगितल्यावर तो त्यांच्या अंगात दिसला.

१६ डिसेंबर, मंगळवार

इतके दिवस तिचं एक अक्षर नाही. सकाळी सवयीनं जाग येते. मग छताकडे बघत पडून राहतो.

आज संध्याकाळी ती घरी आली, आईकडे, लोणच्याची बरणी परत द्यायला. जाताना फाटकाशी थांबली. म्हणाली, भूषण भेटला होता, नोकरीचं कळलं. नवा प्रोग्राम आलाय म्हणे, गाड्या बोलावून घालताहेत. मी मान हलवली. म्हणाली, पुढे काय? बघू म्हणालो. कॉलेजचं परत विचारलं. या वेळी राग आला नाही, पण परत बघूच म्हणालो. ती म्हणाली, बाबा उद्यापासून परत निघायचं म्हणताहेत, सकाळी ये. आणि मान खाली ठेव.

धुक्यात ती दिसेनाशी होईपर्यंत मी मान खाली ठेवली नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

काका आज एकटे गेले. दाट धुकं होतं, अरुंधती नको म्हणत होती. काका म्हणाले, आज तर कोणालाच दिसत नाहीये, आज सगळे माझ्यासारखे. ती आणि मी ओट्यावर बसून वाट बघत होतो. तिच्या शालीचं टोक माझ्या गुडघ्यावर आलं होतं. ते हलू नये म्हणून मी हललो नाही. देवाकडे काय मागावं ते कळेना. ते सुखरूप यावेत, आणि जरा हळू यावेत.

आले. हातात कोथिंबीर होती. अरुंधती आत जाऊन रडली, आणि बाहेर येऊन पुण्याला हो म्हणून कळवलं.

३ जानेवारी, शनिवार

गाडी धुक्यामुळे उशिरा आली. काका फलाटाच्या बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येक इंजिनाबद्दल शेजारच्या अनोळखी माणसाला माहिती देत होते. मी सामान चढवलं. खाली उतरलो तर ती दारात उभी होती.

म्हणाली, "पुण्यात बॅटरीच्या गाड्यांची वर्कशॉप नाहीत का रे?"

मी म्हणालो, असतील की, इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. मोठ्या शहरात अशा गाड्या जास्त, त्यामुळे कामही जास्त. कुठल्या कंपनीची असतील तेही सांगितलं. ती ऐकत होती. मग "हो ना" म्हणाली आणि आत गेली. गाडी सुटली. हात हलवायचा राहून गेला, कारण मी अजून वर्कशॉपचाच विचार करत होतो.

पुलावर काकांनी विचारलं, शेवटी काय बोलली तुझ्याशी? सगळं सांगितलं. ते पायरीवर थांबले. मागून येणारे लोक अडकले, कोणीतरी चलो बाबूजी म्हणालं, तरी हलेनात.

"म्हणजे तिनं विचारलं," ते म्हणाले, "आणि तू तिला बाजारभाव सांगितलास?"

मी म्हणालो, काय विचारलं? आणि म्हणता म्हणता माझे कान तापले. कॉलेजचं. मध्ये सोडलेल्यांना घेतात ते. दोनदा ते आणि आज वर्कशॉपचं, तीन वेळा विचारलं होतं तू येतोस का, आणि मला एकदाही कळलं नाही.

म्हणालो, "पण काका, तुम्ही इथे एकटे."

काका म्हणाले, "मी कोथिंबीर आणतो. तू फोन लाव. ललितपूरच्या आत लाव, नंतर रेंज जाते."

त्यांना घरी सोडून आलो. आई विचारतेय जेवतोस का. आधी इथे लिहून बघतोय, फोनवर काय बोलायचं ते. पहिलं वाक्य तीनदा खोडलं. अरू, मला येऊ देशील का, असं म्हणू, की सरळ येतो म्हणू? सरळ म्हणणं म्हणजे परत परस्पर ठरवणं.

विचारतो.

आता बबीना मागे पडलं असेल, पुढे ललितपूर. लिहिणं थांबवतो.